सुट्टीतल्या भेटी



शाळांना सुट्टी लागली की आम्ही इंदूरची मराठी माणसे जळगाव, नगर, पुण्याकडे निघतो. आजोळ, आंबे, गच्चीवरच्या कुरडया आणि कडक ऊन! पण आमच्या मते आपल्या भेटी फार आखूड झाल्या आहेत. एका दिवसात चार घरे. चहा, फोटो, निघालो.

३१ मे रोजी आपण पवित्र मरियेच्या भेटीचा सण पाळतो. ती एलिझाबेथकडे सुमारे तीन महिने राहिली (लूक १:५६). म्हातारपणी दिवस गेलेल्या बाईच्या घरी राहायचे म्हणजे पाणी, दळण, चूल हे आलेच. आणि धन्य सिस्टर राणी मारिया यांच्या बहिणीने तर २००२ साली इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्यांच्या मारेकऱ्यालाच राखी बांधली.

आपल्याला एवढे लांब जायला नको. इथे भंवरकुआंच्या भाड्याच्या खोल्यांत स्पर्धा परीक्षांची मुले सुट्टीतही अडकलेली असतात. कुणाची परीक्षा तोंडावर, कुणाला नापास होऊन घरी जायची लाज. गावाला निघण्याआधी एका रविवारी मिस्सानंतर अशा एखाद्याला जेवायला आणा. वरणभात, पोळी, कैरीचे लोणचे पुरे. निकालाचे मात्र विचारू नका, आणि जेवण झाल्यावर त्याला लगेच उठू देऊ नका.