टक्के कुणाचे, संस्कार कुणाचे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आपल्या समाजाचे गुणगौरव समारंभ सुरू होतात. मुलांना प्रशस्तिपत्र मिळतं, पाकीट मिळतं, ते छानच. माझा राग आहे तो त्यानंतरच्या भाषणावर. कुणीतरी माइक हातात घेऊन सांगतं, की हे यश आपल्या संस्कारांचं, हुशारी आपल्या रक्तातच आहे. आपण टाळ्या वाजवतो. बायका जरा जास्तच वाजवतात, कारण संस्कारांचं श्रेय थोडं आपल्याही पदरात पडतं.

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे हिशेब चुकलेला मला बघवत नाही. नव्वद टक्के मिळवणाऱ्या आपल्या मुलाचा ताळेबंद मांडून बघा. अभ्यासाचं वेगळं टेबल, क्लासची फी, गणित अडलं तर विचारायला शिकलेला काका, परीक्षेच्या दिवसांत गरम डबा हातात देणारी आई, आणि घरात पाहुणे आले तर "त्याला उठवू नका" म्हणणारी आजी. हे सगळं भांडवल आहे. ते आपण नफ्याच्या खात्यात लिहितो आणि वर नाव देतो संस्कार! पाठशाळेचा, सामायिकाचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायची सवय लागते, ती अभ्यासालाही लागू पडते. पण बसायला आधी जागा हवी ना?

आणि संस्कारांनीच सगळं होत असेल, तर आपल्या मुलींचं काय झालं ते कुणी मला समजावून सांगा. २००१ च्या जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के होती. देशातल्या सगळ्या धर्मांच्या स्त्रियांत सर्वात पुढे. त्याच जनगणनेत काम करणाऱ्या जैन स्त्रियांचं प्रमाण ९.२ टक्के, सर्वात मागे. (घरकाम त्यात धरत नाहीत, हा वेगळाच लेख होईल.) भाऊ-बहीण एकाच घरातले, एकच देवदर्शन, एकच पाठशाळा, एकच आई. संस्कार सारखे, संधी वेगळी. मग फरक कशाने पडला, हे आपण बायकांनी तरी विचारायला नको का?

आपल्या समाजाचं शिक्षणसुद्धा आपोआप झालेलं नाही. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं, म्हणून तो शिकला. शेठ माणिकचंद जव्हेरींनी त्यासाठी बोर्डिंगं काढली, त्यांच्या कन्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातीच्या वसतिगृहांना आधार दिला, त्यात जैन बोर्डिंगही होतं. कुंभोजच्या जैन घरात १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील तिथेच राहिले. आणि तिथूनच त्यांना काढलं गेलं, कारण ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला.

पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहून एका पंक्तीत जेवली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आज आपण अभिमानाने म्हणतो, कर्मवीर आपले. आपले खरेच, पण त्यांनी हुशारी कुणाच्या रक्तात शोधली नाही. मुलांना छप्पर दिलं, भाकरी दिली, काम दिलं, आणि मुलं शिकली.

शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर आठ मदांत कुलमद आहे आणि ज्ञानमदही आहे. गुणगौरवाच्या व्यासपीठावर आपण दोन्ही एकदमच करतो. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं ते सांगितलंय. त्यात निह्नव आहे, म्हणजे आपल्याला ज्ञान कुणाकडून मिळालं ते लपवणं. अंतराय आहे, म्हणजे दुसऱ्याच्या शिकण्यात अडथळा आणणं. पर्युषणात हे आपण ऐकतो, आणि घरी येऊन धुणीभांडी करणाऱ्या बाईला सांगतो, "उद्या तुला जमणार नसेल तर मुलीला पाठव." दहावीतल्या मुलीला! तिची शाळा बुडते, आणि निकाल लागला की आपणच म्हणतो, त्यांच्यात शिक्षणाचं वातावरणच नाही.

मी गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका सभागृहाच्या मंडळींना सुचवलं, की संध्याकाळी सहा ते नऊ हॉल रिकामाच असतो, तिथे अभ्यासिका करू या. आपलीही मुलं बसतील, पाथर्लीच्या वस्तीतलीही बसतील. उत्तर आलं, "ताई, विचार चांगला आहे, पण हॉल घाण होईल. आणि बाहेरची मुलं कशाला?" लग्नाच्या पंक्तीनंतर हॉल किती स्वच्छ असतो ते मी पाहिलंय.

चार दानांत शास्त्रदान आहे, त्यात आतली-बाहेरची असा भेद मी तरी वाचलेला नाही. चातुर्मासाची सभा जवळ आली आहे. मी हा विषय पुन्हा मांडणार आहे. झाडू-पोछा, विजेचं बिल आणि दोन तास लक्ष ठेवणं, याची यादी लिहून नेणार आहे. ज्यांना आठवड्यातली एक संध्याकाळ देता येईल त्यांनी मला आधी सांगा, म्हणजे सभेत नावं वाचून दाखवता येतील.