बंदुकीवरची दुर्बीण

हरभरा घाट्यावर आला व तुरीच्या शेंगा भरू लागल्या, म्हणजे आमच्या झरी जामणी तालुक्यात गृहस्थांच्या बैठकीतले बोलणे आपोआप रानडुकरांकडे वळते. एका रात्रीत डुकरांचा कळप अर्धा एकर हरभरा नांगरल्यासारखा उलथून टाकतो, आणि रोह्यांची टोळी उभ्या पिकात शिरून पहाटेपूर्वी रानात नाहीशी होते. जागलीला माणूस मिळत नाही. मिळालाच तर वाघाच्या भयाने मचाणावरून खाली उतरत नाही, आणि यात त्याचा काही दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरांचे. तेथील वाघांना ते पुरत नाही. तेथून निघालेला एक तरुण वाघ २०१९ साली तेराशे किलोमीटरांहून अधिक चाल करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगेच्या रानात पोचला, हे त्याच्या गळ्यातील रेडिओपट्ट्यावरून कळले. मग आपल्या शिवारापर्यंत येण्यास त्याला कितीसा वेळ!

अशा दिवसांत ज्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्या घरातील तरुण मंडळी वडिलांपुढे एक मागणी हटकून मांडतात. बंदुकीवर बसवायची दुर्बीण, जिला हल्ली सर्रास ‘स्कोप’ म्हणतात, ती बेताच्या किमतीत चांगली अशी कोणती घ्यावी? हा प्रश्न आमच्याकडे इतक्या घरांतून आला आहे, की त्याचे उत्तर या सदरातच द्यावे असे आम्ही ठरविले.

प्रथम कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार या देशात उरलेली नाही. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या ठरावीक जनावरांस मारावयाचे, तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. आणि तसे मारलेले जनावर सरकारची मालमत्ता होते, आपल्या चुलीची नव्हे. बंदुकीच्या कागदांत काही फेरबदल करावयाचा असेल, तर परवाना देणाऱ्या जिल्हाधिकारी कचेरीत आधी विचारावे, मग दुकानाची पायरी चढावी.

आता आपल्या घरी बंदूक कोणती आहे ते पाहावे. पीकसंरक्षणासाठी बहुधा ठासणीची, नाहीतर गुळगुळीत नळीची छऱ्याची बंदूक असते. तिच्या छऱ्यांचा भरवसा तीस-चाळीस पावलांपलीकडे धरता येत नाही, आणि तेवढ्या अंतरावर पुढची माशी व मागची खाच यांनी जे साधत नाही, ते दुर्बिणीनेही साधणार नाही. म्हणजे दहा घरांपैकी आठ-नऊ घरांचा प्रश्न येथेच मिटला. त्यांनी बंदुकीच्या दुर्बिणीवर एक रुपयाही घालू नये.

राहिली ती घरे, जेथे आजोबांच्या वेळची ईशापूरच्या कारखान्यातील .३१५ बोअरची रायफल परवान्यावर अद्याप चालू आहे. त्यांच्यासाठी दुर्बिणीची परीक्षा सांगतो. तिच्यावर ‘३-९×४०’ असे आकडे असतात. पहिल्या दोहोंचा अर्थ असा, की वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसेल. शेवटचा आकडा हा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास निघतो. नऊ पटीवर तो साडेचार मिलिमीटरही भरत नाही; चार पटीवर तेच दहा होते. अंधारात तरुणाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते, आमच्या वयाच्या माणसाची पाचाच्या आसपास. दिवेलागणीस, जेव्हा डुकरे बाहेर पडतात, तेव्हा मोठ्या पटीची दुर्बीण चित्र मोठे करते खरे, पण काळवंडून टाकते. शिवाय हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. म्हणून ‘जास्त पट, जास्त मोल’ हा दुकानदाराचा हिशेब मानू नये. चार पटीची, बत्तीस मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण आपल्या शिवारास पुरून उरते. सरकत्या पटीची यंत्रणा तीत नसल्यामुळे त्याच किमतीत भिंगे बरी मिळतात.

दुसरी गोष्ट धक्क्याची. डोळा आणि नेत्रभिंग यांत तीन ते चार इंच अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. नाहीतर बार उडताच दुर्बिणीची कड भुवईत रुतते. हवेच्या बंदुकीसाठी केलेल्या स्वस्त दुर्बिणी मोठ्या रायफलीच्या धक्क्याने आतून हलतात व नेम दर बाराला वेगळीकडे जाऊ लागतो. नेम सुधारण्याची चाके फिरविताना प्रत्येक खटका स्वच्छ लागावा; बहुतेक दुर्बिणींत एका खटक्याने शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरतो. वर वीस, उजवीकडे वीस, खाली वीस, डावीकडे वीस असे खटके देऊन नेम मूळ ठिकाणी परत येतो की नाही, हे चांदमारीच्या जागी पाहून मगच दुर्बीण पक्की झाली असे समजावे. जुन्या रायफलींना दुर्बीण बसविण्याची मुळात सोय नसते. ती माहीतगार कारागिराकडून करून घ्यावी लागते, आणि तेथे चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला हा प्रकार होतो. तरीही मसाल्यात काटकसर करू नये. ढिल्या बैठकीवर उत्तमातील उत्तम भिंगही कुचकामी होय.

इतके सांगूनही आमचा खरा आक्षेप शिल्लकच आहे. बंदुकीवरची दुर्बीण ही नळीच्या रेषेत बसविलेली असते. तिच्यातून ज्याकडे पाहावे, त्याकडे नळी वळलीच. ‘ते काय आहे, जरा पाहतो’ म्हणून जो दुर्बीण डोळ्याला लावतो, तो न ओळखलेल्या वस्तूवर भरली बंदूक रोखतो. आणि आमच्या शिवारात तिन्हीसांजेला काय काय नसते? मोळी घेऊन परतणारी कोलामाची बाई असते, चुकलेले पाडस शोधणारा गुराखी असतो, घोंगडी पांघरून बांधावर उकिडवा बसलेला शेजारचा जागल्या असतो. शंभर पावलांवर, धुक्यात, घोंगडीतला मनुष्य आणि खाली मान घातलेले डुक्कर यांत फरक सांगणे तरुण डोळ्यांनाही कठीण जाते.

दशरथाची कथा आपल्या घरांत लहान मुलांसही पाठ असते. शरयूच्या काठी घडा भरण्याचा आवाज ऐकून त्याने हत्ती समजून बाण सोडला. त्याच्या नेमात काडीचाही दोष नव्हता. शब्दवेध अचूक साधला होता. दोष ओळखण्यात होता. कालिदासानेही रघुवंशाच्या नवव्या सर्गात मृगयेचे सगळे लालित्य वर्णून शेवटी तो मुनिकुमार पुढे आणला आहे, आणि शाळेत हा सर्ग शिकविताना वर्ग एकदम शांत होत असे, ते आम्हांस स्मरते. अंधारातील बाराचा निवाडा पुढे किती बिकट होतो, हे आपल्या जिल्ह्याने अलीकडेही पाहिले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात ‘टी-१’ वाघीण गोळीने मेली. माणसे मारल्याचा आरोप असलेली ती वाघीण होती, हुकूमही होता, तरी त्या रात्री नेमके काय घडले यावर चौकश्या व वाद माजले.

म्हणून आमचा सल्ला असा, की दुर्बिणीसाठी काढलेले पैसे हातात धरावयाच्या, दोन डोळ्यांच्या दुर्बिणीत घालावे. पाहण्याचे काम तिने, नळी जमिनीकडे ठेवून, आधी पुरे करावे. बंदूक उचलण्याची वेळ त्यानंतरची, आणि बहुधा ती येतच नाही. डुकरांचा कळप अंधार पडण्यापूर्वी कोणत्या ओढ्यातून निघतो हे चार संध्याकाळी नीट पाहिले, तर त्याच बाजूस कुंपण, फटाका वा शेकोटी करता येते. एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने हिशेब मांडला तरी हेच ठरते. बंदुकीवरची दुर्बीण एका माणसाच्या एका डोळ्याच्या कामाची. ही दुर्बीण घरातील मुले, सुना, वडील मंडळी सर्वांस पुरते, आणि पोळ्याच्या सुमारास नवरंग पाहावयास कोणी मागितली, तर नाही म्हणण्याचे कारण नाही.

या दुर्बिणीचे तत्त्व जुने आहे. इटलीतील पोरो यांनी लोलकांच्या योजनेचे पेटंट १८५४ साली घेतले आणि जर्मनीत येना येथील झाइसच्या कारखान्याने १८९४ साली तशा दुर्बिणी विक्रीस काढल्या. आपण ‘८×४२’ आकड्यांची पाहावी. तिचे प्रकाशवर्तुळ सव्वापाच मिलिमीटर येते, आणि आठ पट हातात स्थिर राहते. रस्त्यावर ‘वीस पट’, ‘ऐंशी पट’ म्हणून विकतात त्या भिंगांना लाल आरशासारखी झाक असते. त्यांच्या वाटेस जाऊ नये. दुकानात भर दुपारी जाऊ नका, दिवेलागणीस जा. दुपारी सगळ्याच दुर्बिणी चांगल्या असतात. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा. नेत्रभिंगात दिसणारी दोन्ही उजळ वर्तुळे पूर्ण गोल असावीत. कडा करड्या व चौकोनी दिसल्या तर आतील लोलक हलक्या काचेचे समजावे. मग विजेची तार आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहावी. तिच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी तितके भिंग बरे. शेवटी पाच मिनिटे सलग पाहून डोळा दुखतो का ते पाहावे; दोन नळ्या समांतर नसतील तर कपाळ ठणकू लागते, आणि ही खोड घरी दुरुस्त होत नाही. चष्मा वापरणारांनी चष्म्यासह संपूर्ण चित्र दिसते की नाही याची खात्री करावी.

आमच्याकडील पावसाळ्यात भिंगावर बुरशीची जाळी चढते, आणि ती काच खाते. चामड्याच्या बंद पेटीत दुर्बीण कोंडून ठेवू नये; ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी व आठवड्यातून एकदा सावलीत वारा द्यावा. भिंग पुसण्यास धोतराचा सोगा वापरू नये. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ धुतलेल्या सुती फडक्याने हलके पुसावे. डबा माजघरात उंच फळीवर असावा, बंदुकीच्या कपाटात नव्हे, आणि जागलीला जाणाराने तो सायंकाळी मागून न्यावा.