ऐकावे जनाचे, रंगवावे मनाचे

आमच्या मालाडात अजून काही जुन्या चाळी तग धरून आहेत. चाळीच्या गॅलरीत उभा असलेला माणूस धड घरात नसतो, धड रस्त्यावर नसतो. तो सर्वांना पाहतो; सर्व त्याला पाहतात. भूपेन खख्खर यांचे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१) हे चित्र पाहताना आम्हांस ही गॅलरी आठवते. सज्जात एक विवस्त्र पुरुष पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, लेक व गाढव यांची आपल्या परिचयाची गोष्ट घडते आहे. लोकांचे ऐकता ऐकता त्या बापलेकांचे काय होते, हे सर्वांस ठाऊक आहे. सज्जातला माणूस ते पाहतो आणि स्वतःपुरता निर्णय घेतो.

१९३४ साली मुंबईत जन्मलेले खख्खर पेशाने सनदी लेखापाल. १९६२ मध्ये ते बडोद्यास गेले आणि हिशेबनिसी सांभाळत चित्रे काढू लागले. घड्याळजी, न्हावी, शिंपी ही त्यांची माणसे. पुढे ‘टू मेन इन बनारस’ (१९८२) मध्ये त्यांनी दोन पुरुषांचे आलिंगन रंगविले, तेही साधू आणि भाविक यांच्या नित्य व्यवहाराशेजारीच. समलिंगी प्रेमाला त्यांनी वेगळी, अंधारी खोली दिली नाही.

त्याच १९८१ साली मराठी रंगभूमीवर तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आले. त्या नाटकाचे धैर्य आम्ही नाकारीत नाही. परंतु मित्राची गोष्ट बापू सांगतो आणि ती मित्राच्या मृत्यूपाशी संपते. खख्खरांच्या चित्रात पाहणारा स्वतःच आहे आणि तो जिवंत आहे. हा फरक आम्हांस फार मोठा वाटतो.

यास चळवळ म्हणावे काय? संघटनेचे काम वेगळे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले, ते त्या कामाचे ठळक उदाहरण. परंतु कलम ३७७ अंमलात असताना स्वतःच्या नावानिशी असे चित्र टांगणे, हीही कृतीच होती. २००३ मध्ये खख्खर गेले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. चित्र निकालाच्या सदतीस वर्षे आधीचे आहे.

शेवटी एक कबुली. ‘मित्राची गोष्ट’ शिकविताना आम्ही वर्षानुवर्षे ‘एक धाडसी विषय’ असे म्हणत आलो. मागच्या बाकांवर हशा पिकला की आम्हीही किंचित हसून पुढे जात असू. समोर बसलेल्यांपैकी एखाद्याचे ते आयुष्यच असेल, हे आमच्या ध्यानी आले नाही. आता नाटकाआधी आम्ही हे चित्र दाखवितो, आणि हशा पिकलाच तर थांबतो.