साथ की विषबाधा? बुलढाण्यातील केसगळतीने विचारलेला प्रश्न

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अचानक लोकांचे केस गळू लागले. सुरुवातीला बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावे पुढे आली, नंतर आसपासच्या गावांतही रुग्ण सापडले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल, असा क्रम बहुतेकांनी सांगितला. जानेवारी २०२५ पर्यंत दीड डझन गावांतील पावणेतीनशेच्या घरात लोकांना हा त्रास झाल्याचे समोर आले.

गावकऱ्यांचा पहिला प्रश्न साधा होता: हे एकापासून दुसऱ्याला होते का? या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्यांचे रोजचे जगणे अवलंबून होते. खात्रीचे उत्तर हाती नसल्याने न्हाव्याने केस कापायला नकार देणे, पाहुण्यांनी गावात यायचे टाळणे, मुलामुलींनी शाळा-कॉलेजला जायला लाजणे, असे सगळे घडले. आजाराने जीव गेला नाही, पण माणसे वाळीत पडल्यासारखी झाली.

संशय कशाकशावर गेला?

सुरुवातीला बुरशीच्या संसर्गाची शक्यता बोलली गेली. मग पाण्यावर संशय गेला. तोही साहजिक होता, कारण हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो आणि इथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट असते. कुणी शाम्पूला दोष दिला, पण कधी शाम्पू न लावणाऱ्यांचेही केस गेले होते. जानेवारीच्या मध्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे म्हणजे आयसीएमआरचे तज्ज्ञ दिल्ली, चेन्नईसह बाहेरच्या ठिकाणांहून आले. त्यांनी रक्त, लघवी, केस, पाणी आणि धान्याचे नमुने नेले.

फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य नेहमीपेक्षा अनुक्रमे ३५, ६० आणि १५० पट होते, तर रेशनच्या गव्हात किलोमागे साधारण १४.५ मिलिग्रॅम सेलेनियम सापडले, असे त्यांनी सांगितले. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असावा, असा त्यांचा दावा होता. एप्रिलमध्ये काही रुग्णांची नखेही खराब होऊन गळू लागली. केस आणि नखे दोन्ही जाणे ही सेलेनियमच्या विषबाधेची पाठ्यपुस्तकातली खूण आहे.

सेलेनियम शरीराला हवे असते, पण अगदी थोडे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतात आणि ४०० च्या वर जाऊ नये असे मानतात. गव्हातला वरचा आकडा धरला, तर ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्यांतून चार हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम पोटात जातात. म्हणजे वरच्या मर्यादेच्या दहापट.

संसर्ग नाही, हे लवकर कसे कळते?

इथे दोन साध्या गोष्टी उपयोगी पडतात आणि दोन्हींना महागडे यंत्र लागत नाही.

पहिली गोष्ट सूक्ष्मदर्शकाची. डोक्याच्या त्वचेचा खरवडलेला भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून पाहिला की बुरशी दिसते. डोक्याची बुरशी बहुधा लहान मुलांना होते, चट्ट्याचट्ट्याने होते आणि हळूहळू पसरते. सगळ्या वयाच्या माणसांना चार दिवसांत टक्कल पाडणे तिच्या स्वभावात नाही.

दुसरी गोष्ट वही-पेनाची. कोणाला, कुठे आणि कोणत्या तारखेला त्रास सुरू झाला याची यादी करायची. संसर्ग असेल तर घरात एकानंतर दुसरा, काही दिवसांच्या अंतराने, असे रुग्ण दिसतात. अन्नातून विषबाधा असेल तर एकाच ताटात जेवणारे साधारण एकाच वेळी आजारी पडतात. मग त्याच गावातील निरोगी माणसांनाही तेच प्रश्न विचारायचे: गहू रेशनचा की घरच्या शेतातला? पोळी खाता की भाकरी? पाणी नळाचे की बोअरचे? आजारी आणि निरोगी यांच्या उत्तरांत जिथे मोठा फरक पडतो, तिथे शोध घ्यायचा. नमुना कशासाठी तपासायचा हे यातूनच ठरते. नाहीतर प्रयोगशाळा शंभर गोष्टी तपासत बसते.

गव्हातले सेलेनियम मोजायला मोठे यंत्र लागते. ते प्रत्येक जिल्ह्यात असण्याची गरज नाही. पण गव्हाकडे बोट दाखवणारे लोक जिल्ह्यातच हवेत.

त्याच महिन्यात पुण्यात

जानेवारी २०२५ मध्येच पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. रुग्णांचे नमुने शहरातल्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, एनआयव्हीत गेले. काही दिवसांतच काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडल्याचे कळले आणि पाणी उकळून पिण्याचा सल्ला ठोसपणे देता आला. एकाच राज्यात, एकाच महिन्यात, प्रयोगशाळा जवळ असण्याने एवढा फरक पडतो.

एनआयव्ही एका दिवसात उभी राहिली नाही. १९५२ मध्ये आयसीएमआर आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती सुरू केली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडे आणि माणसे मारणारा नवा विषाणू शोधला. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांत त्यांना आणखी एक नवा विषाणू मिळाला. त्याला गावाचेच नाव मिळाले. पुढची अनेक वर्षे त्याचे फारसे कुणाला पडले नव्हते, तरी तो जपून ठेवला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने १८३ मुले दगावली, तेव्हा एनआयव्हीने कारण ओळखले: चांदीपुरा. विदर्भातल्या एका गावातून ३८ वर्षांपूर्वी घेतलेले नमुने तेव्हा कामी आले. संशोधनाची क्षमता ती हीच. शांत काळात केलेले काम साथीच्या काळात उपयोगी पडते.

बुलढाण्यात काय आहे, काय हवे?

कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, बुलढाण्याचे नमुने नागपूरला पाठवावे लागत. एप्रिलमध्ये शेजारच्या अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या स्वतःच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. केसगळती त्यानंतर तीनच महिन्यांत आली. केंद्राच्या २०२१ च्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा धरलेली आहे. म्हणजे कागदावर पाया आहे. त्यावर पुढील गोष्टी उभ्या राहिल्या पाहिजेत:

• कायमस्वरूपी माणसे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ कंत्राटावर येऊन वर्षभरात गेले, तर यंत्र धूळ खाते.

• साथ तपासणीचे प्रशिक्षण. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात असे प्रशिक्षण २०१२ पासून दिले जाते. जिल्ह्याचा एखादा तरी डॉक्टर त्यातून गेलेला असावा.

• नमुना ठेवण्याची सोय. पहिल्या आठवड्याचे रक्त आणि पहिल्या आठवड्याचे धान्य पुन्हा मिळत नाही. उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि त्याला अखंड वीज ही छोटी वाटणारी, पण निर्णायक गोष्ट आहे.

• आधीच ठरलेली वाट. कोणता नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, नैतिक समितीची मान्यता कशी मिळणार, हे साथ आल्यावर ठरवायचे नसते.

• उत्तर गावात परत येणे. ज्यांनी रक्त दिले, त्यांना निष्कर्ष मराठीत, लेखी आणि वेळेवर कळले पाहिजेत. नाहीतर पुढच्या वेळी ते दार उघडणार नाहीत.

लहान गावातून संशोधन होत नाही, हा समज सोडून द्यायला हवा. डॉ. बावस्कर यांनीच महाडसारख्या ठिकाणी राहून, विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे ते जगाला दाखवले. पण एका जिद्दी डॉक्टरवर जिल्ह्याचे आरोग्य सोपवून चालत नाही. तो डॉक्टर नसेल त्या दिवशीही काम व्हायला हवे.

तुमच्या गावात असे काही घडले तर

• एकाच आठवड्यात तीन-चार जणांना सारखाच, न कळणारा त्रास झाला तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. १०४ या क्रमांकावरही सांगता येते.

• त्या दिवसांत वापरलेले धान्य, पीठ, तेल फेकू नका. किलोभर वेगळे बांधून, तारीख लिहून ठेवा. खाणे मात्र थांबवा.

• त्रास कधी सुरू झाला ती तारीख लिहून ठेवा.

• कारण कळेपर्यंत रुग्णाला वाळीत टाकू नका. संसर्गाची भीती असेल तर काय काळजी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

• तपासणीसाठी नमुना दिला असेल, तर अहवाल मागा. तो तुमचा हक्क आहे.