‘आता परत फिरा’ म्हणणारं कुणीतरी सोबत असू द्या

कासारसाई, नेरे, जांबे, मारुंजी, चांदखेड आणि हिंजवडीच्या टॉवरांमधल्या शेजाऱ्यांनो,

मृग लागायला तीन रविवार उरले आहेत. परवा वळवाची एक सर येऊन गेली आणि कासारसाई धरणाच्या कडेला लगेच गाड्या लागल्या. पाणी अजून खाली आहे, काठचा गाळ वाळून भेगाळलाय, तरी पोरं चपला हातात घेऊन त्या भेगांवरून पाण्यापर्यंत चालली होती. आषाढात ही गर्दी कुठवर जाते ते गावात सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून हे आवाहन आत्ताच करतोय. यंदाचा पावसाळा एकटेदुकटे किंवा जमेल त्या टोळक्याबरोबर हिंडू नका. डोंगर चालणाऱ्यांच्या एखाद्या गटात या. आमच्यात या, नाहीतर दुसऱ्या कुठल्या चांगल्या संस्थेत जा, पण मृगाच्या आधी जा.

आम्ही म्हणजे कुणी मोठी माणसं नाही. एक निवृत्त मास्तर (मीच तो), तीन-चार संगणकवाले, एक परिचारिका, गावातली पाच पोरं आणि ‘मला कुठं डोंगर चढवतोस’ म्हणत म्हणत सगळ्यांच्या पुढे चालणारी एक काकू. रविवारी सकाळी निघतो, जेवायच्या आत घरी. आमच्याकडे पावती नाही, टी-शर्ट नाही, मेडल तर नाहीच.

आता मुद्द्याचं. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात पुण्याचं एक कुटुंब पाण्यात उतरलं होतं. वर डोंगरात पाऊस पडत होता. पाणी बघता बघता चढलं, सगळे एकमेकांना धरून मधल्या खडकावर उभे राहिले, आणि पाच जण वाहून गेले. त्यांतली चार लहान मुलं होती. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मी एकदाच पाहू शकलो. त्याच शनिवार-रविवारात आपल्याच मुळशीच्या अंगाला, ताम्हिणीत, धबधब्याच्या कुंडात उडी मारलेला एक जण प्रवाहाबरोबर गेला. तो एकटा नव्हता, मोठ्या गटाबरोबर आला होता. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ला, पुन्हा रविवारीच, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्याखाली कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं.

या तिन्ही ठिकाणी माणसं होती. कुंडमळ्याला तर माणसांचंच ओझं झालं. मग नव्हतं काय? ज्याचं सगळे ऐकतात असा एक माणूस, जो वेळेवर म्हणेल, ‘बास. आता परत फिरा.’ मित्र हे म्हणत नाही, कारण त्याला भित्रा ठरायचं नसतं. नवरा म्हणत नाही, कारण मुलं हट्ट करत असतात. गाडी काढून, डिझेल जाळून, तीन तास ट्रॅफिकमध्ये काढून आलेल्या माणसाला तर स्वतःचा आतला आवाजही ऐकू येत नाही. गटात मात्र हे म्हणणं कुणाचं तरी ठरलेलं काम असतं. गटाचा मला कळलेला उपयोग हाच. बाकीचं सगळं, निसर्ग, व्यायाम, फोटो, हे वरचं तूप.

मला हे उशिरा कळलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही घनगडावर निघालो होतो, एकोल्यातून. तेव्हा वरच्या कातळटप्प्याला शिडी नव्हती. पंधराएक फुटांचा तो कातळ दोर लावून चढायचा. जुलैचा दुसरा आठवडा, धुकं असं की पुढच्याची सॅक तेवढी दिसायची. कातळाखाली पोहोचलो, आमच्या लीडरनं हात लावून बघितला, बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाला, ‘शेवाळ आहे. खाली.’ बस्स, एवढंच. वर गड पंधरा मिनिटांवर. मी सव्वीस वर्षांचा, रात्रभर एसटीच्या मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून आलेलो. मी त्याच्याशी भांडलो. तो भांडला नाही. भाकरी काढली, ठेचा काढला, सगळ्यांना वाढला आणि जेवण झाल्यावर खाली चालू लागला. मी आठवडाभर बोललो नाही त्याच्याशी. पुढे ऑक्टोबरात त्यानंच आम्हाला पुन्हा नेलं, तोच कातळ कोरडा, वर जाऊन आलो. येताना तो कातळ उतरताना मला समजलं की ओल्यात मी चढलोही असतो, उतरलो मात्र नसतो.

आता आपल्या धरणाबद्दल, कारण इथल्या पाण्याविषयी बाहेरच्यांचे फार गैरसमज आहेत. कासारसाईचं धरण मातीचं, १९९०च्या दशकातलं. मातीच्या धरणाची माती आणि मुरूम बहुतेक वेळा जवळपासच्याच जमिनीतून काढतात, पुष्कळदा बुडणाऱ्या जमिनीतूनच. ते खड्डे मग पाण्याखाली तसेच राहतात. त्याशिवाय जुने बांध, ओढ्याचं जुनं पात्र, विहिरी. म्हणजे गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या माणसाचं पुढचं पाऊल कुठं पडेल याचा नेम नाही. तळाला गाळ, पाय रुततो, ओढायला जावं तर दुसराही रुततो. वरचं पाणी कोमट लागतं, चार हात खाली थंडगार. छातीत एकदम धस्स होतं आणि श्वास आत ओढला जातो. स्विमिंग पुलात पन्नास फेऱ्या मारणाऱ्याला इथं भिंत सापडत नाही. जीन्स भिजून जड होते ती वेगळीच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, बुडणाऱ्याला धरायला दुसरा उडी मारतो, त्याला धरायला तिसरा. बुडणारा माणूस जो सापडेल त्याच्या मानेवर चढतो. त्यात त्याचा दोष नाही, ते शरीरच करतं. म्हणून पहिला नियम: उडी मारायची नाही. दोर फेका, ओढणी-चादरी गाठून फेका, रिकामा झाकणबंद कॅन फेका, लांब काठी पुढे करा, आणि तेही काठावर आडवं पडून. हे वाचून येत नाही. दोर नेमका फेकायला हाताला सवय लागते. आम्ही पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा मास्तरांचा दोर मास्तरांच्याच पायात अडकला होता, हेही सांगून टाकतो.

पुण्याच्या आसपास अशी सवय असलेली माणसं आहेत, आणि ती फुकट राबतात. भुशीच्या त्या घटनेनंतर शोध घ्यायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं पाण्यात होती. मावळात वन्यजीव रक्षक संस्था आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा अंधारात, पावसात, चिखलाच्या चढानं वर गेलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे गिर्यारोहक होते. ही सगळी आपल्यासारखीच नोकरी-धंदा करणारी मंडळी. रविवारी डोंगर चालता चालता त्यांच्यात ते बळ आलं. पुण्यातली गिरिप्रेमी १९८२ साली सुरू झाली आणि तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, तिची माणसं एव्हरेस्टवर पोहोचली. मधली तीस वर्षं सह्याद्रीच्या चढउतारांची. मला काही तुम्हाला एव्हरेस्टला न्यायचं नाही. कुणाचं तरी पोर पाण्यात पडलं तर काठावरच्या शंभर जणांत दोघांना दोर फेकता यावा, एवढंच हवंय.

पैसे घेऊन नेणारे सगळे वाईट असं माझं म्हणणं नाही. पण बसच्या बस भरून एका रात्री एका गडावर तीनशे माणसं चढवणं हे लग्नाच्या वऱ्हाडाचं काम झालं. २०२३च्या जुलैमधल्या एका रविवारी लोहगडाच्या दरवाजांत माणसं तासन्‌तास अडकून पडली होती, ना वर ना खाली. तोच लोहगड ११ जुलै २०२५ला आणखी अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. म्हणजे गर्दी आता वाढणारच. तेव्हा कुणाबरोबरही जाण्याआधी फोनवर सरळ विचारा. किती जण, किती लीडर? लीडर कुठं शिकलाय? उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा कोर्स केलेला असेल तर तो आनंदानं सांगेल; केलेला नसेल तरी किती वर्षं चालतोय ते सांगेल. मागे शेवटच्या माणसाबरोबर कोण असतं? साहसी पर्यटनासाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये धोरण आणलंय, त्याखाली नोंदणी आहे का? आणि शेवटचा प्रश्न, तो विसरू नका: ‘याआधी तुम्ही ट्रेक कधी रद्द केलाय?’ जो म्हणेल ‘कधीच नाही’, त्याला नमस्कार करून फोन ठेवा.

हिंजवडीतल्या मुला-मुलींशी दोन शब्द. लातूर, नागपूर, जळगावहून आलेले तुम्ही पीजीत राहता, शनिवार झोपेत जातो आणि रविवारी चार वाजता कुणीतरी म्हणतं, ‘चलो, डॅम पे.’ हे ‘चलो’ सगळ्यांत धोक्याचं. अंधार पडायला तीन तास, कुणाकडे टॉर्च नाही, घरी कुणाला पत्ता नाही. आमच्याबरोबर येणारी एक मुलगी सांगत होती, इथं येऊन दोन वर्षं झाली तरी ऑफिसबाहेरच्या एकाही माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. आता काकू तिच्या डब्यात न विचारता लोणचं घालते. आई-वडिलांना काळजी वाटत असेल तर त्यांना काकूचा नंबर द्या. काकू त्यांच्याशी तासभर बोलेल.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्याशी जरा हक्कानं. शनिवार-रविवारचा कंटाळा मला माहीत आहे. शेताच्या बांधावर फुटलेल्या बाटल्या, बैलाच्या खुरात काच, रात्री दोनपर्यंत ढणढणाट, आणि कारखान्याच्या गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्यांना वाट अडवून उभ्या असलेल्या मोटारी. राग येतो. पण नुसतं ‘हाकला यांना’ म्हणून कुणी जात नाही. बंदीचा फलक लागला की शेजारीच उभं राहून फोटो काढतात. पाण्यात खड्डा कुठं, ओढा कुठं चढतो, कुठल्या टेपाडावर आग्या मोहोळ लागलंय, हे तुमच्या पोरांना जितकं माहीत तितकं कुठल्या ॲपला माहीत नाही. ती पोरं पुढे चालणारी व्हावीत असं मला फार वाटतं. ज्याच्या मागून चाललं त्याच्या बांधावर माणूस बाटली फोडत नाही. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो तेव्हाही विझवायला हीच माणसं येतील. या तालुक्यानं १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे उभं राहून मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. एका माणसामागे रांगेत चालणं मुळशीला नवं नाही.

कुणी म्हणेल, तुकोबा तर एकटेच डोंगरावर जात. खरंय. भंडारा, भामचंद्र, घोरावडेश्वर, तिन्ही डोंगर आपल्या टप्प्यातले. पण जिजाई भाकरी घेऊन भंडाऱ्यावर जात असे असंही सांगतात. म्हणजे तुकोबा कुठल्या डोंगरावर आहेत हे घरी ठाऊक होतं. तेवढं तरी करा: कुठं जाताय, कुणाबरोबर, किती वाजता परत, हे तीन शब्दांत घरी किंवा रूमवर लिहून ठेवा. उशीर झाला तर शोधणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं. संकटात आधी ११२. डोंगरात अडकलात तर अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्याचा नंबर आजच शोधून फोनमध्ये घालून ठेवा. रेंज नसलेल्या खिंडीत तो शोधता येत नाही.

तीन रविवारांचं आमचं असं ठरलंय. पहिल्या रविवारी नुसतं चालायचं, गावामागच्या टेपाडावरून, दोन तास. कुणाचे बूट घसरतात, कुणाला दम लागतो, कुणाला कुठला आजार आहे, हे कळावं म्हणून. लाजू नका, दमा आहे तर दमा सांगा. दुसऱ्या रविवारी काठावर, पाण्यात न उतरता, दोर फेकायला शिकायचं. परिचारिका ताई छाती दाबून श्वास परत आणायचं दाखवणार आहेत, त्यासाठी जुनी उशी आणा. तिसऱ्या रविवारी घोरावडेश्वर, लेण्यांपर्यंत. दहा वर्षांच्या वरची मुलं चालतील, सोबत मोठं माणूस हवं. पाणी दोन लिटर, गूळ-शेंगदाणे, टॉर्च, टोपी, मागे पट्टा असलेले बूट. अत्तर-सेंट नको, मधमाश्या खवळतात. कानात इयरफोन नको. दारू घेऊन आलेल्याला तिथूनच परत पाठवतो, तो सरपंचाचा पाहुणा असला तरी. वर्गणी नाही; चहाचे आपापले.

हवामान खात्याचा रेड अलर्ट असला तर रविवार रद्द, आणि तसं आदल्या रात्रीच कळवू.

धरणाचा रस्ता गावात शिरतो तिथं सकाळी सव्वासहाला जमायचं. साडेसहाला डोकी मोजतो आणि निघतो. सहा पस्तीसला आलात तर आम्ही पुढे गेलेले असू. मागून एकट्यानं गाठायला येऊ नका. पुढच्या रविवारी या.