टोल न भरणाऱ्यांचे काय?

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई

विषय : टोल रस्ते ओलांडणारे पादचारी आणि सायकलस्वार

महोदय,


१९९६ साली स्थापन झालेल्या आपल्या महामंडळाने राज्याला काय दिले, हे नव्याने सांगायला नको. मुंबईतील उड्डाणपूल, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि आता नागपूरहून मुंबईकडे येणारा समृद्धी महामार्ग. टोलबद्दल कितीही कुरकुर केली तरी एके काळचा बोरघाट ज्यांनी पाहिला आहे, ते या रस्त्यांचे मोल जाणतात. टोल किती घ्यावा, हाही या पत्राचा विषय नाही.

विषय आहे हिशेबाचा. नाक्यावर टोल भरणारी गाडी फास्टॅगने मोजली जाते. ती कुठल्या प्रकारची, किती वाजता आली, किती पैसे भरून गेली, सगळे नोंदले जाते. पण रस्ता फक्त उभा वापरला जात नाही, तो आडवाही वापरला जातो. गाडीवाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. गावकरी या बाजूकडून त्या बाजूला जातो. पहिला आपला ग्राहक. दुसऱ्याची नोंद कुठल्याच नाक्यावर होत नाही.

समृद्धीचेच उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, २६ तालुके, ३९२ गावे. सपाट भागात १२० मीटर रुंदीचा पट्टा. एवढा पट्टा शिवारातून गेला की कुणाचे घर एका बाजूला राहते आणि विहीर दुसऱ्या बाजूला. वन्य प्राण्यांना पलीकडे जाता यावे म्हणून आपण या मार्गावर खास पूल आणि भुयारी मार्ग बांधले, त्याचे कौतुकच आहे. माणसांसाठीही भुयारी मार्ग आहेत. मात्र कोणत्या मार्गात पावसाळ्यात पाणी साचते, कुठे दिवा आहे, कुठे नाही, शेतात जाणाऱ्या बाईला किती वळसा पडतो, संध्याकाळी शाळेतून परतणारी मुलगी सायकलवरून तिथून निर्धास्त जाऊ शकते का, हे तपासून जाहीर करणे कुणाचे काम? ज्याने शिवार दुभागले, त्याचेच.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, सायकल आणि पायी चालणाऱ्याला बंदी आहे. इतक्या वेगाच्या रस्त्यावर ती असावी, यात वाद नाही. पण ज्याला एका रस्त्यावरून हटवले, त्याने कुठून जायचे हे पाहणेही बंदी घालणाऱ्याकडेच येते. दुचाकी, सायकल आणि पायी चालणारे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर येतात. तिथेही टोलनाके आहेतच. हा रस्ता गावांच्या वस्तीतून जातो. त्याच्या कडेला शाळा आहेत, आठवडी बाजार आहेत. मोटारीला हवा तसा वेग द्रुतगती मार्गावर मिळाला, तर निदान या जुन्या रस्त्यावर चालणाऱ्याला सलग पदपथ आणि ओलांडायला सुरक्षित जागा मिळायला हवी.

सागरी सेतूवरही पायी किंवा सायकलने जाता येत नाही. २००९ पासून मुंबईकर समुद्रावरचा आपला हा पूल मोटारीच्या काचेतूनच पाहतो. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूलही टोलचाच. तो मोटारींसाठी खुला झाला २८ मे १९३७ रोजी. त्याच्या आदल्या दिवशी तो फक्त चालणाऱ्यांसाठी खुला होता. आजही त्याच्या कडेच्या पदपथांवरून लोक चालतात, सायकली चालवतात. बांधून झालेल्या सेतूला आता पदपथ जोडणे अवघड आहे, हे कळते. पुढचे सेतू आखताना मात्र ही सबब चालणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. मोटारवाल्यांनी आवाज उठवला, आंदोलने झाली, सरकारने निर्णय घेतला. चालणाऱ्याच्या वाट्याला असे काही येत नाही. ज्याला टोल नाही, त्याला टोलमाफीही नाही. म्हणून त्याचा मोर्चा नाही आणि त्याच्यासाठी मंत्रिमंडळाची बैठकही नाही.

मृत्यूच्या आकडेवारीत मात्र तो आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाचांत जवळजवळ एक. दुचाकीस्वार तर ४४ टक्क्यांहून अधिक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. तेव्हा चालणाऱ्याची सोय ही आता मेहरबानी उरलेली नाही.

आणि मोजले की फरक पडतो, हे आपल्याच महामंडळाला ठाऊक आहे. २०१६ मध्ये द्रुतगती मार्गावर १५१ जणांचा बळी गेला होता. महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून एकेक अपघात तपासला, धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे आणि फलक सुधारले. पुढच्या वर्षांत मृत्यू बरेच कमी झाले. हीच पद्धत आता आडव्या जाणाऱ्यांसाठी वापरा.

त्यासाठी चार मागण्या आहेत. महामंडळाच्या प्रत्येक टोल रस्त्यावर लोक कुठे, किती आणि कशासाठी ओलांडतात याची गावनिहाय मोजणी करून ती दरवर्षी मराठीत जाहीर करावी. प्रत्येक भुयारी मार्गाची पावसाळ्यापूर्वी पाहणी व्हावी, त्यात दिवे आणि पाण्याचा निचरा असावा, आणि तिथेच तक्रारीसाठी क्रमांक लिहिलेला असावा. टोलच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा पदपथ, सायकलमार्ग आणि एसटी थांब्यांसाठी राखून ठेवावा. आणि नव्या आराखड्यांवरील सुनावणीत जमीन देणाऱ्यांइतकेच रोज पलीकडे जाणाऱ्यांचेही ऐकावे.

यातले काही अशक्य नाही. टेक्सासमध्ये ऑस्टिन परिसरात टोल रस्ते चालवणाऱ्या प्रादेशिक संस्थेने १८३-ए या आपल्या रस्त्यालगत चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी वेगळा मार्ग दिला आहे. इतके लांब जायचे नसेल तर पंढरपूरकडे पाहा. आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात वारकऱ्यांसाठी कडेने चालण्याचा मार्ग आराखड्यातच धरला गेला. आषाढीच्या वारकऱ्यासाठी जे सुचते, ते रोज शेतात जाणाऱ्यासाठी का सुचू नये?

विरार-अलिबाग मार्गिकेसारखे नवे प्रकल्प आता आपल्यापुढे आहेत. पदपथ, सायकलमार्ग आणि ओलांडण्याच्या जागा कंत्राटाच्या अटींमध्येच घाला. आज ते काम एका कलमाचे आहे. उद्या त्यासाठी काँक्रीट फोडावे लागेल. महामंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरले ते जाहीर करावे, एवढी विनंती.

आपला,
कधी टोल भरणारा, कधी रस्ता ओलांडणारा एक नागरिक