चकाकीचे गणित

घरातला मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या क्लासला जाऊ लागली की थोड्याच दिवसांत मागणी येते, 'चित्रे काढायचे सॉफ्टवेअर घ्यायचे आहे.' क्लासची फी कशीबशी भरलेली, त्यात हा नवा खर्च! आई-बाप गप्प बसतात आणि पोरगे हिरमुसते. म्हणून आज आम्ही हाच विषय घेतला आहे.

इंकस्केप नावाचे सॉफ्टवेअर २००३ पासून सर्वांसाठी मोफत आहे. चोरून घेतलेल्या प्रतीची गरज नाही. एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. त्यात चित्र ठिपक्यांनी नव्हे, रेषांच्या गणिताने साठवले जाते. म्हणून तेच चित्र नखाएवढे केले किंवा बॅनरएवढे, तरी कडा फाटत नाहीत. या वळणदार रेषांना बेझिए हे नाव आहे. रेनॉ कंपनीतील फ्रेंच इंजिनिअर पिएर बेझिए यांनी मोटारींच्या आकारासाठी त्या १९६० च्या दशकात वापरात आणल्या.

आता काचेसारखे चकाकणारे बटण करून पाहू. प्रथम चौकोन काढा आणि त्याचे कोपरे गोल करा. त्यात निळा रंग भरा, वर गडद, खाली उतरत फिका. मग त्याची दुसरी प्रत काढून किंचित लहान करा आणि पांढरी करा. तिच्यावर मोठा लंबगोल असा ठेवा की तिचा वरचा अर्धा भागच झाकला जाईल. दोन्ही निवडून 'पाथ' यादीतील 'इंटरसेक्शन' दाबा. दोघांचा सामाईक तुकडा उरतो. त्याचा पांढरा रंग वर ठळक, खाली विरत जाणारा ठेवा. झाली चकाकी! शेवटी काळ्या रंगाची एक प्रत सर्वांच्या मागे, थोडी खाली सरकवून धूसर करा. ती सावली.

यात जादू काही नाही. पाट्या रंगवणारे पेंटर अक्षराच्या कडेला पांढरा फराटा मारून खाली सावली देत, तेच हे. उजेड कोठून येतो हे ठरवायचे आणि सगळ्या चित्रांत तो तिकडूनच आणायचा. एका बटणावर उजेड डावीकडून, दुसऱ्यावर उजवीकडून, असे झाले की काम कच्चे दिसते.

आणखी दोन गोष्टी. फार लहान चिन्हात, म्हणजे १६ ठिपक्यांच्या चौकटीत, चकाकी नुसता डाग होते. तेथे चित्र वेगळे आणि साधे काढावे. आणि मराठी अक्षरे असलेले काम दुसऱ्याच्या संगणकावर द्यायचे तर मूळ फाइल जपून ठेवून दुसऱ्या प्रतीत अक्षरांचे 'पाथ' करावेत. नाहीतर तेथे तो फॉन्ट नसला की अक्षरांचे रूपच बदलते.

कोणी म्हणेल, ही फॅशन जुनी झाली. खरे आहे. २००० साली अ‍ॅपल कंपनीने 'अ‍ॅक्वा' हे पाण्यासारखे रूप दाखवले आणि जिकडे तिकडे काचेची बटणे आली. २०१३ साली त्याच कंपनीने आपल्या फोनवरची चकाकी पुसून सपाट चित्रे आणली. २०२५ साली 'लिक्विड ग्लास' म्हणून पुन्हा काच आणली. फॅशन येते आणि जाते. उजेड-सावली ज्याला कळली त्याचे मात्र कोणत्याही फॅशनमध्ये अडत नाही.

फ्लेक्सच्या दुकानात बहुधा कोरलड्रॉ असते. पण हात बसला की एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाणे अवघड नाही. नोकरी मागायला जाताना प्रमाणपत्राबरोबर स्वतः काढलेली दहा चिन्हे न्यावीत. देणाऱ्याला त्यावरून हात दिसतो.

मुलांनो, रोज एक चिन्ह काढा. आई-वडिलांनो, ते पाहायला दोन मिनिटे त्यांच्याजवळ बसा.